वाचनालयातून वर्गात: ग्रंथपालाने शिक्षक व्हावं का, आणि कसं?

तासगावकर:

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यातल्या एका 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. वय ३१. इतिहास घेऊन बीए, मग बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी. घरी आई, बायको आणि अडीच वर्षांची मुलगी. पगार अनुदानातून होतो. हप्ता वेळेवर आला तर पगार, नाहीतर संस्थेच्या खात्यातून उचल घ्यायची आणि नंतर वळती करायची. बायको शिवणकाम करते म्हणून घर चालतं.

पैसा हे एक कारण झालं, पण तेवढंच असतं तर मी दुकान टाकलं असतं. गेल्या दोन उन्हाळ्यांत आम्ही शेजारच्या हायस्कूलच्या मुलांसाठी वाचनवर्ग घेतला. रोज तासभर. मी थोडं वाचून दाखवायचो, मग मुलं आळीपाळीने वाचायची, शेवटी गप्पा. त्या एका तासासाठी मी सकाळपासून तयारी करायला लागलो. दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद), देवघेव, बांधणीला द्यायची पुस्तकं ही कामं हातून होत राहतात, पण डोक्यात दिवसभर तो तासच असतो. जून लागला, मुलं शाळेत गेली आणि मला करमेना. तेव्हापासून वाटतंय की आपण शिकवायला हवं.

विचारायचं असं आहे. नोकरी सांभाळून बाहेरून बीएड होतं का? टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, कोणता पेपर द्यायचा, आणि पहिली ते पाचवीला शिकवता येईल का? लहान मुलं मला जास्त आवडतात. आणि जे कुठल्याच माहितीपत्रकात सापडत नाही तेही विचारतो: इतकी वर्षं टेबलामागे बसलेल्या माणसाला पन्नास मुलांसमोर उभं राहणं जमतं का? कुणी हा बदल केला असेल तर मोकळेपणाने सांगा.

---

अध्यापक_कराड:

मी बीएड कॉलेजात शिकवतो, म्हणून आधी कागदपत्रांचं बोलतो.

बाहेरून बीएडचा रस्ता तुमच्यासाठी बंद आहे. मुक्त विद्यापीठाचं आणि इग्नूचं बीएड आहे, पण ते आधीच प्रशिक्षित असलेल्यांसाठी, म्हणजे डीएड वगैरे झालेल्या शिक्षकांसाठी. बी.लिब. हे शिक्षक प्रशिक्षण धरलं जात नाही. त्यामुळे नियमित दोन वर्षांचं बीएडच करावं लागेल. राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा, पदवीला खुल्या प्रवर्गात ५० टक्के, मागासवर्गीयांना ४५ टक्के. हजेरीचा नियम तासांना ८० टक्के आणि आंतरवासितेला, म्हणजे शाळेत जाऊन करायच्या सरावाला, ९० टक्के. आंतरवासिता एकूण २० आठवडे, त्यातले १६ दुसऱ्या वर्षात. 'नुसतं नाव घालून ठेवा, परीक्षेला या' असं सांगणारे भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. पाठ घेतल्याशिवाय पाठ घेता येत नाही, आणि तुम्हाला तर तेच शिकायचंय.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. सार्वजनिक वाचनालयं बहुधा सकाळ-संध्याकाळ उघडी असतात. कार्यकारिणीशी बोलून संध्याकाळची वेळ तुमच्याकडे आणि सकाळची सहायकाकडे अशी वाटणी झाली, तर निदान पहिलं वर्ष पगार न थांबता निघेल. आमच्याकडे अशी मुलं-मुली शिकून गेलेत.

पहिली ते पाचवीचं मात्र अवघड आहे. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या वर्गांना बीएड चालत नाही, डी.एल.एड. (पूर्वीचं डीएड) लागतं. इतिहासाच्या पदवीधराने बीएड करून सहावी ते आठवी धरावी. त्यासाठी टीईटीचा पेपर दोन, सामाजिक शास्त्रे. १५० गुण, त्यातले ६० सामाजिक शास्त्रांचे, बाकी बालमानसशास्त्र आणि दोन भाषा, प्रत्येकी ३०. खुल्या प्रवर्गाला ९० गुण हवेत, राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रमाणपत्र आता आजीवन आहे. नववी-दहावीला टीईटी लागत नाही, बीएड लागतं.

टीईटी ही पात्रता झाली. भरतीसाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी वेगळी: २०० प्रश्न, १२० मिनिटं. ती दरवर्षी होत नाही. २०१७, मग २०२३, मग २०२५. त्या गुणांवर शासनाच्या शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर शाळांचे प्राधान्यक्रम भरायचे. म्हणून बीएडच्या दुसऱ्या वर्षापासूनच दोन्हींचा अभ्यास ठेवा. चाचणी जाहीर झाल्यावर पुस्तक उघडलं तर उशीर होतो.

टीईटीशिवाय कुठेतरी चिकटून घेऊ, पुढे बघू, असा विचार कुणी सुचवला तर तो सोडून द्या. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सेवेत असलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक झाली आहे. ज्यांची सेवा पाच वर्षांहून कमी उरली त्यांनाच सूट, आणि त्यांनाही पदोन्नतीसाठी ती लागतेच. तसंच 'जागा आहे, मान्यता मागाहून काढू' असं कुठली संस्था म्हणाली, तर शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ आयडी (सरकारी पगार प्रणालीतला क्रमांक) मिळेपर्यंत पगाराचा भरवसा नसतो हे लक्षात ठेवा. पैसे मागितले तर तिथून सरळ उठा.

---

सावित्रीकाठ:

तासगावकर दादा, मी हा रस्ता अख्खा चाललेय. म्हणून सविस्तर लिहिते, थोडं लांबेल.

मी मूळची कोरेगाव तालुक्यातली. एका अनुदानित हायस्कूलमध्ये अर्धवेळ ग्रंथपाल होते. पद अर्धवेळ, पण कुणी शिक्षक रजेवर गेले की ऑफ तासाला ग्रंथपालच. हातात एखादं पुस्तक घेऊन जायचे आणि वाचायला लागायचे. त्या ऑफ तासांनीच मला वर्गाची ओढ लावली. मग साताऱ्यात नियमित बीएड, टीईटी, २०२३ ची चाचणी. २०२४ च्या फेब्रुवारीत यादी लागली आणि रायगड जिल्हा परिषद मिळाली. आता पोलादपूर तालुक्यातल्या शाळेत सहावी ते आठवीला इतिहास-भूगोल आणि मराठी शिकवते.

पैशाचं आधी सांगते, कारण घरात मूल आहे तुमच्या. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. मानधन प्राथमिकला १६,००० रुपये. २०२३ च्या जानेवारीआधी ते ६,००० होतं, म्हणजे आताच बरं म्हणायचं. त्यात खोलीभाडं, गावी जाण्यायेण्याचं भाडं, आणि सासरी द्यायचे ते. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी. पसंतीक्रम भरताना जवळचा जिल्हा मिळेलच असं नाही. मला घाटापलीकडे जावं लागलं. आंबेनळी घाटात दरड आली की महिना महिना लांबच्या रस्त्याने फिरून जायचं. बीएडची दोन वर्षं आणि सेवकपदाची तीन अशी पाच वर्षं घर कसं चालेल, हे बायकोबरोबर बसून लिहून काढा. मी आणि माझ्या नवऱ्याने तसं काढलं होतं, म्हणूनच टिकलो.

आता तुमचा खरा प्रश्न. टेबलामागचा माणूस वर्गासमोर उभा राहू शकतो का? राहू शकतो. पण बदल काय होतो ते आधी ओळखून घ्या. वाचनालयात येणारा माणूस गरज घेऊन येतो. कुणाला स्पर्धा परीक्षेचं पुस्तक हवं असतं, कुणाला 'त्या लेखकाचं दुसरं काही', कुणी नुसता पंख्याखाली पेपर चाळायला येतो. काहीही असो, मागणी त्याच्याकडून येते आणि आपण पुरवतो. वर्गातलं मूल घंटा झाली म्हणून आत येतं. त्याने काही मागितलेलं नसतं. मागणी आपण निर्माण करायची असते, आणि तीही एकाच वेळी सगळ्यांच्या मनात. बीएडमध्ये याला मोठी नावं आहेत. मला ते कळलं ते सातवीच्या वर्गात, जेव्हा मी नीट तयारी करून गेले, छान बोलले, आणि मागच्या बाकावरच्या मुली खिडकीतून पाऊस बघत राहिल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी जे देत होते ते त्यांना हवंसं झालेलं नव्हतं.

मग मी माझ्या जुन्या कामाकडे वळले. शाळेत पुस्तकांचं एक लोखंडी कपाट होतं, कुलूप लावलेलं. वेगवेगळ्या योजनांतून आलेली पुस्तकं, सगळी दाखल केलेली, शिक्के मारलेले, आणि पानं कोरी करकरीत. मुख्याध्यापक सरांकडून किल्ली घेतली. ग्रंथपाल म्हणून मी ती विषयवार, वर्गीकरणाच्या क्रमांकांनी लावली असती: मराठी साहित्य ८९१.४६, भारताचा इतिहास ९५४. पण माझ्या सातवीत निम्म्या मुलांना जोडाक्षर आलं की जीभ अडखळायची. त्यांना ८९१.४६ चा काय उपयोग! मी सगळी पुस्तकं जमिनीवर पसरली आणि एकेक उघडून वाचली. जोडाक्षरं नाहीत किंवा अगदी तुरळक आहेत, ती एका ढिगात. लहान वाक्यं, पण जोडाक्षरं आहेत, ती दुसऱ्या. पानभर मजकूर असलेली तिसऱ्या. बाजारातून वायरमन वापरतात ती रंगीत चिकटपट्टी आणली आणि पुस्तकांच्या कण्यावर लावली: हिरवी, पिवळी, लाल. कपाटाचं दार काढून ठेवलं. वर्गात सुतळी बांधली आणि हिरव्या पट्टीची पुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी तिच्यावर टांगली.

रंगांचा अर्थ मी मुलांना सांगितला नाही. कुणाला 'तू हिरवं घे' म्हटलं की तो ते घेत नाही, चारचौघांत कमीपणा वाटतो. हात लावा, आवडेल ते घ्या, नाही आवडलं तर परत टांगा, एवढंच सांगितलं. मी फक्त कोण काय उचलतं, किती पानांवर थांबतं हे माझ्या वहीत टिपत गेले. सातवीतला एक मुलगा, अंगाने थोराड, वर्गात कधी तोंड न उघडणारा, तो रोज तेच मासेमारीचं चित्रांचं पुस्तक उचलायचा. वडिलांबरोबर नदीवर जातो, हे नंतर कळलं. ते पुस्तक त्याचं पाठ झालं तेव्हा मी त्याच्या जवळ पाण्यावरचंच पिवळ्या पट्टीतलं एक टांगून ठेवलं. पुढे काय झालं ते तुम्ही ग्रंथपाल आहात म्हणून ओळखाल. वाचकाला एका पुस्तकाकडून दुसऱ्या पुस्तकाकडे कसं न्यायचं, हे आपण रोज करतो. ते कौशल्य बीएड शिकवत नाही, आणि वर्गात त्याच्याइतकं मला दुसरं काही उपयोगी पडलेलं नाही.

अवघड काय गेलं तेही सांगते. आवाज. इतकी वर्षं हळू बोलायची सवय, आणि पोलादपूरचा पाऊस पत्र्यावर कोसळत असतो. पहिल्या पावसाळ्यात घसा बसला तो दिवाळीपर्यंत. आता पाऊस वाढला की फळ्यावर लिहून काम देते आणि बाकांमध्ये फिरत एकेकाशी बोलते. दुसरं म्हणजे मुलांची गळती. आमच्याकडे कातकरी वाडीतली मुलं आहेत. दिवाळीनंतर घरची माणसं वीटभट्टीवर निघतात, पोरंही बरोबर जातात. वाचायला नुकतं लागलेलं मूल चार-पाच महिने जातं आणि परत येतं तेव्हा पुन्हा हिरव्या पट्टीवर आलेलं असतं. मी जाणाऱ्या मुलांना पिशवीतून पुस्तकं देते. वाचनालयात परत न आलेलं पुस्तक म्हणजे नोंदवहीत लाल शेरा. इथे भट्टीवर हरवलेलं पुस्तक मी बिनदिक्कत निर्लेखित करते, म्हणजे नोंदीतून काढून टाकते, कारण ते कुणाच्या तरी हातात होतं.

कागदाचं काम शिक्षकांना नकोसं होतं, आपल्याला तितकं होणार नाही. यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, पोषण आहाराच्या नोंदी, पाठांचं टाचण, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी. ज्याने वार्षिक पुस्तक पडताळणी केली आहे त्याला हे जड नाही. पण निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं यात वर्गाचे दिवस जातात तेव्हा जीव तुटतो. त्याला इलाज नाही, तयारी ठेवा.

---

वऱ्हाडातला_वाचक:

मी अमरावतीकडे एका हायस्कूलमध्ये पूर्णवेळ ग्रंथपाल आहे, निवृत्तीला थोडी वर्षं राहिली. ताईंचं वाचून फार बरं वाटलं. तरी माझं मत थोडं वेगळं आहे, तेही मांडतो.

आपण ज्यांच्या जन्मदिवशी, १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिन पाळतो ते ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन उलट्या रस्त्याने आले. प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत होते. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि सुरुवातीला इतके कंटाळले की पुन्हा वर्गात घ्या म्हणून मागे लागले. पुढे लंडनला जाऊन ग्रंथालयं पाहिली, लोक ती कशी वापरतात ते पाहिलं, आणि मग जन्मभर ग्रंथालयाचेच झाले. मला सांगायचं ते हे की तुमचा कंटाळा कामाचा आहे की ते काम ज्या हलाखीत करावं लागतं तिचा, हे आधी तपासा. उन्हाळी वाचनवर्गाने तुम्हाला जे दिलं ते ग्रंथपाल म्हणूनच दिलं आहे. तो वर्ग बारा महिने चालवता येतो का? शनिवारी? शाळेशी बोलून ग्रंथपेटी नेता येते का?

माझ्या शाळेत पाचवी ते आठवीला आठवड्यातून एक ग्रंथालयाचा तास आहे. तो मी घेतो. परीक्षा नाही, गुण नाहीत, म्हणून पोरं मोकळी असतात. वर्गशिक्षकाला न सांगितलेल्या गोष्टी मला सांगतात. हे समाधान मी शिक्षकाच्या वेतनश्रेणीसाठीही बदललं नसतं.

दुःख एवढंच की आम्ही शिक्षकेतर. आणि सार्वजनिक वाचनालयात तर तुमच्यासारखा बी.लिब. झालेला माणूस अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसतो. तुम्ही गेल्यावर त्या वाचनालयात कोण येईल, हा विचार माझ्या मनातून जात नाही. त्याचं ओझं तुमच्यावर नाही, पण शासनाने आणि गावाने तो करायला हवा.

---

तासगावकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. कराडच्या सरांनी वेळेच्या वाटणीचं सुचवलं, ते कार्यकारिणीच्या बैठकीत मांडतो. वऱ्हाडातल्या काकांचा प्रश्न आठवडाभर डोक्यात होता. हलाखी नसती तरी मला वर्गावर जावंसं वाटलं असतं का? वाटलं असतं. वाचनवर्गात मूल तासाभरासाठी येतं. त्याचं वर्षभरात काय होतं ते मला बघायचं आहे, आणि ते बाहेरून दिसत नाही.

ताई, एकच विचारतो. कपाटाचं समजलं, पण इतिहासाचा धडा प्रत्यक्ष कसा घेता? मुलांनी तो मागावा असं कसं करता? एखादा तास सांगाल का?

---

सावित्रीकाठ:

सांगते की. सातवीचा पहिलाच पाठ आहे इतिहासाच्या साधनांचा: भौतिक, लिखित, मौखिक. पुस्तकात व्याख्या आहेत, उदाहरणं आहेत. तसाच शिकवला तर मुलं तीन शब्द पाठ करतात आणि संपलं.

आमचा तालुका तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठचा. समाधी तिथेच आहे. माघ वद्य नवमीच्या कार्यक्रमाला मुलं लहानपणापासून जातात. मी पुस्तक न उघडता विचारलं, तानाजी मालुसरे खरंच होऊन गेले हे तुम्ही कशावरून म्हणता? वर्ग एकदम उसळला. 'बाई, असं काय विचारता!' म्हटलं, मला पटवून द्या. एक म्हणाला समाधी आहे. एक म्हणाली आमची आजी सांगते. एकाने पोवाड्याच्या दोन ओळी म्हटल्या. एकजण म्हणाला पुस्तकात १६७० लिहिलंय. मी फळ्यावर तीन रकाने आखले, नावं न देता, आणि जे येईल ते योग्य रकान्यात लिहीत गेले. तिसऱ्या रकान्यात जे जात होतं ते सगळं कुणीतरी सांगितलेलं आहे, हे एका मुलीनेच ओळखलं. मग तीन शब्द फळ्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक सरांच्या परवानगीने शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, वर्गात नेलं. पिवळी पानं, शाईचं अक्षर. तिथे मी ग्रंथपाल झाले: पान कसं उलटायचं, कोपरा धरून, बोटाला थुंकी न लावता. वर्षानुसार शोधायला लावलं. एका मुलाला त्याच्या आजोबांचं नाव सापडलं. नाव, जन्मगाव, आणि शाळा सोडल्याचं कारण: 'सतत गैरहजर'. तो घरी जाऊन आजोबांना विचारून आला. गुरं राखायला लागत होती, म्हणाले. रजिस्टरात कारण एक, आजोबांच्या तोंडी दुसरं. आता कुठलं खरं मानायचं, यावर मुलं मधली सुट्टी संपेपर्यंत भांडली. तोपर्यंत कुणी पुस्तक उघडलं नव्हतं. मग म्हणाली, बाई, आता धडा वाचूया.

हा तास मला सुचला तो दाखल नोंदवहीची सवय असल्यामुळे. कागद कुठे असतो, कसा हाताळायचा, त्याच्याकडून काय काढून घ्यायचं, हे तुम्हालाही येतं. बीएडच्या पाठांत असंच काहीतरी घ्या. तुमच्या वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइली असतील, इतिवृत्तं असतील, पहिल्या वर्गणीदारांची यादी असेल. ती सोडून जाण्याआधी नीट पाहून, टिपून ठेवा. कार्यकारिणीने परवानगी दिली तर फोटोही घ्या.

आणि कार्यकारिणीकडून वाचनवर्गाबद्दल लेटरहेडवर पत्र घ्या. भरतीत त्याचा गुण मिळत नाही, पण संस्थेच्या मुलाखतीत दाखवता येतं. सीईटीचा अर्ज भरलात की इथे कळवा. पेपर दोनच्या सामाजिक शास्त्रांची माझी टिपणं आहेत, ती स्कॅन करून पाठवते.